मदतीचा प्रकार : खोकला

रविवार, ३१ ऑगस्ट

बाबा,

वर नमस्कार-बिमस्कार काही लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही. आपलं भांडण चालू आहे. ते मिटलं की राहिलेले सगळे नमस्कार एकदम पाठवीन.

मी फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता आणि गॅलरीत जाऊन उभे राहता, हे तिने मला सांगितलंय. तीच म्हणाली, "कागदावर लिही गं. लिहिलेलं काही समोर आलं की ते वाचल्याशिवाय राहत नाहीत, चुका काढायला का होईना." तेव्हा हे घ्या. लाल पेन जवळ ठेवा.

माझं इथे छान चाललंय. खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, खिडकीतून सायकल स्टँड दिसतो. सोबतची मुलगी मनाने चांगली आहे, फक्त कपाटाचं दार जन्मात लावत नाही. गणिताचा तास सकाळी आठला असतो. सर इतके उंच आहेत की सगळे त्यांना शिडी म्हणतात. शिकवतात छान. मला सगळं समजतं.

हा वरचा परिच्छेद खोटा आहे. खोडून टाकणार होते, पण तुम्हीच शिकवलंय की चुकलेलं काम गिरगटायचं नाही, एक आडवी रेघ मारून तसंच दिसू द्यायचं. तर रेघ मारली असं समजा. (सोबतची मुलगी, कपाट आणि शिडी सर मात्र खरे आहेत.)

गेल्या रविवारी मी फोनवर एवढंच म्हणाले की मला वर्ग ठरवायची परीक्षा परत द्यायची आहे. तुम्ही म्हणालात, "म्हणजे माझं नाक कापायला निघालीस?" आणि फोन ठेवलात. आज सात दिवस झाले. तुमचं म्हणणं सरळ आहे. परीक्षा मी दिली, तीसपैकी सत्तावीस माझे आले, म्हणून मला सगळ्यात वरच्या वर्गात बसवलं, यात परत द्यायचं काय? तर जसं घडलं तसं एकदा पायरी पायरीने मांडते. कुठे चुकत असेन तर दाखवा.

जूनमधली दुपार होती. विद्यापीठाचं पत्र आलं होतं की नव्या मुलांनी घरच्या कॉम्प्युटरवर गणिताची परीक्षा द्यायची. पास-नापास काही नाही, कुणाला पहिल्या वर्गात बसवायचं, कुणाला दुसऱ्या, कुणाला तिसऱ्या, तेवढं ठरवण्यापुरती. पत्रात ठळक अक्षरांत होतं, 'कोणाचीही मदत घेऊ नका. कमी गुण आल्याने तुमचं काहीही नुकसान नाही.' ते वाचून तुम्ही मोठ्याने हसलात. "ऐकलंस का गं," आईला म्हणालात, "कमी गुणांनी नुकसान नाही म्हणे!" एकतीस वर्षं मुलांना गुण दिलेल्या माणसाला हसू येणारच. मग खुर्ची ओढून तुम्ही माझ्या मागे बसलात. "मी फक्त बघतोय," म्हणालात. आणि खरंच, नव्वद मिनिटं तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

तुम्ही खोकलात.

पुढचं लिहायची गरज नाही. तुम्हाला कळलं असेल.

तुमची मुलगी


शुक्रवार, ५ सप्टेंबर

बाबा,

नाही, तुम्हाला कळलेलं नाही. पत्र वाचून तुम्ही आईला म्हणालात, "खोकलो असेन. खोलीत धूळ होती." धूळ! आईने त्या खोलीवर आदल्याच दिवशी हात फिरवला होता. हे तिच्यासमोर बोलायची तुमची छाती कशी झाली?

आता नीट सांगते, कारण मला वाटतं, खरंच हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. शाळेत मुलं तुम्हाला खोकसर म्हणतात. तुम्हाला वाटत असेल ते तुमच्या तब्येतीवरून. तब्येतीवरून नाही. फळ्याशी गणित सोडवणारा मुलगा चुकला की तुम्हाला राहवत नाही, तुमच्या घशात काहीतरी अडकतं आणि तुम्ही खोकता. ओरडत नाही, रागावत नाही, नुसतं एकदा 'ख्हं'. अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. आम्ही एक ओळ लिहायचो आणि थांबायचो. खोकला नाही आला की पुढची ओळ. आला की वरचं पुसायचं आणि चिन्ह बदलून बघायचं. कंसाच्या आधी उणे असलं की तर हमखास. मोठ्या वर्गातली मुलं लहान वर्गातल्यांना हे शिकवून ठेवतात. मला चौथीतच कळलं होतं, आणि मला तर घरीही तुम्हीच.

जूनमध्ये मी तेच केलं. बाण एका उत्तरावर नेऊन थांबायचे. ख्हं. दुसऱ्या उत्तरावर. शांत. की दाबलं. तुम्हाला कदाचित कळलं नसेल, पण मला कळत होतं. मी तुमच्यावर एकट्यावर ढकलत नाहीये. खोकला तुमचा, कान माझे.

आता इथलं ऐका. मंगळवारी शिडी सरांनी मला फळ्याशी बोलावलं. मी पहिली ओळ लिहिली आणि थांबले. दुसरी लिहिली आणि थांबले. मागे चाळीस मुलं बसलेली. तिसऱ्या ओळीनंतर मी मान थोडी वळवून इतका वेळ उभी राहिले की सर म्हणाले, "कशाची वाट बघतेयस?"

काय सांगू? वडील खोकायची वाट बघतेय म्हणून? वर्ग हसला. सर हसले नाहीत, "बस," म्हणाले आणि पुढचं त्यांनीच सोडवलं, मधल्या सहा पायऱ्या गाळून. "हे तर तुम्हाला येतंच," असं ते दर पाच मिनिटांनी म्हणतात. मला येत नाही बाबा. माझी चूक मला कधी दिसलीच नाही, कारण माझ्याआधी ती तुम्हाला दिसायची.

या वर्गात मी नापास होणार. पहिल्या सहामाहीत गणितात नापास झालं की पाणीपुरवठ्याच्या विभागातली जागा जाते, हे प्रवेशाच्या कागदावरच लिहिलंय. ती जागा मला हवी आहे. सातवीत असताना आपण पाण्याच्या टाकीवर चढलो होतो आणि एवढं पाणी वर कसं येतं ते तुम्ही मला सांगितलं होतं, तेव्हापासून हवी आहे. खालच्या वर्गातून सुरुवात केली तर वेळ जाईल, पण जागा राहील.

परीक्षा पुन्हा देता येते, एकदाच, तीही येत्या शुक्रवारपर्यंत, १२ तारखेपर्यंत. दुसऱ्या वेळचे गुण कायमचे. त्यासाठी एक फॉर्म भरायचा असतो, पहिल्या वेळी कोणाची मदत घेतली होती का, हे त्यात विचारतात. मी देणार आहे. तुम्ही हो म्हणावं म्हणून लिहीत नाहीये, तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितेय.


मंगळवार, ९ सप्टेंबर

बाबा,

तुमचा निरोप पोचला. आई बिचारी पाठ केल्यासारखा म्हणून दाखवत होती. "ते म्हणतात, द्यायचीच तर दे, पण फॉर्मवर 'मदत घेतली' असं लिहू नको. पहिल्या वेळी बरं नव्हतं असं लिही." मी विचारलं, "हे बाबा म्हणाले? आपले बाबा?" तर ती हळूच म्हणाली, "मलाही नवल वाटलं गं."

नवल वाटणारच. मुख्याध्यापकांच्या भाच्याच्या मोज्यात चिठ्ठी सापडली तेव्हा तुम्ही त्याचा पेपर काढून घेतला होता. मुख्याध्यापक घरी आले, आईने चहा केला, आणि तो चहा संपायच्या आत तुम्ही त्यांना म्हणालात, "चिठ्ठी कोणाच्या भाच्याची, हे माझ्या कामाचं नाही." मी आतल्या खोलीत पडद्याआड होते. मला इतका अभिमान वाटला होता की दुसऱ्या दिवशी शाळेत मी दहा जणींना सांगितलं.

तुमचं खरं दुखणं मला समजतं. माझे सत्तावीस तुम्ही शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून आलात. पेढे वाटावेत तसे वाटलेत ते गुण. आणि फॉर्मवर एक ओळ आहे, 'मदत करणाऱ्याशी नातं'. तिथे काय लिहायचं, हा तुमचा प्रश्न आहे. मी रविवारपासून त्या ओळीकडे बघत होते. 'शिक्षक' लिहू का, असाही विचार आला. तेही खोटं नव्हतं, पण लबाडी होती.

आज सकाळी फॉर्म दिला. तुम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी मीच सांगते. मदत घेतली होती का : हो. नातं : वडील. मदतीचा प्रकार : खोकला.

परीक्षा केंद्र वाचनालयाच्या तळघरात आहे. खिडकीशी एक बाई बसतात, केस पांढरे, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "हे काय?" म्हणाल्या. "खोकला?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या सगळं, चौथीपासून. माझा आवाज मध्येच फुटला, त्याची लाज वाटतेय. बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "माझी आई चमचा आपटायची, ओट्यावर. पाढे म्हणताना. अजून कोणी चमचा आपटला की मी बोलता बोलता थांबते." मग त्यांनी शिक्का मारला. विभागात एक शेरा जाणार आहे, की विद्यार्थिनीने स्वतःहून सांगितलं. बाई म्हणाल्या की स्वतःहून आलेल्याला काढत नाहीत, पण विभागप्रमुख बोलावून विचारू शकतात. विचारू देत.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता परीक्षा. मी या तीन दिवसांत पुस्तक उघडणार नाहीये. मला येतं तेवढंच यायला हवं. हे वाचून तुमच्या अंगावर काटा येईल, ठाऊक आहे.

तुमच्यावर राग आहे, पण एक सांगून ठेवते. 'वडील' हा शब्द मी बाकी सगळा फॉर्म भरून झाल्यावर शेवटी लिहिला.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

बाबा,

अकरा.

तीसपैकी अकरा. आधी आकडा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही पान उलटून शोधत बसणार नाही. बाराच्या खाली पहिला वर्ग, बारा ते एकवीस दुसरा, त्यावर तिसरा. एका गुणाने मी पहिल्या वर्गात आले, म्हणजे सगळ्यात खालच्या. सत्तावीसमधून अकरा गेले की सोळा उरतात. तुमचे सोळा खोकले. मी जूनमध्ये मोजले नव्हते, आज हिशोब लागला.

आता कसं झालं ते. तळघरात लाकडी आडोसे घातलेल्या चोवीस जागा आहेत. फोन बाहेर कपाटात ठेवायचा, कच्च्या कामाचे तीन कागद मिळतात, जाताना परत द्यायचे. एवढी शांतता की शेजारच्याचं पोट गुरगुरलं तरी ऐकू यावं. पहिले पाच-सहा प्रश्न बरे गेले. पुढे प्रत्येक उत्तरावर मी थांबत होते, सवयीने. काही येत नव्हतं. मग मी स्वतःला दरडावलं, "कोणी येणार नाहीये. दाब." आणि दाबत गेले.

अकराव्या प्रश्नाला तीनमधून कंसाची दुप्पट वजा करायची होती, कंसात क्ष उणे चार. तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेल. मी उत्तर काढलं, बाण नेला, आणि पलीकडच्या आडोशामागे कोणीतरी खोकलं.

खरंच सांगते, माझा हात आपोआप दुसऱ्या उत्तरावर गेला. बोट दाबणार, एवढ्यात मी हात उचलून मांडीवर ठेवला. मला रडू आलं, हसूही आलं. सर्दी झालेला कोणी अनोळखी माणूस, त्याला माझ्या कंसाचं काय पडलंय! मी कागद ओढला, ओळ न् ओळ परत तपासली. मला चूक सापडली नाही. मग मी माझं उत्तर ठेवलं आणि पुढे गेले. पुढचे एकोणीस प्रश्न मी एकदाही थांबले नाही. येत नव्हतं ते येत नव्हतं, पण थांबले नाही.

नंतर बाईंनी पडद्यावर चुकलेले प्रश्न दाखवले. अकरावा चूक होता. उणे चार कंसातून बाहेर येताना अधिक आठ व्हायला हवे होते, मी उणेच ठेवले होते. म्हणजे तो सर्दीवाला खोकला ते अगदी बरोबर खोकला. त्याचं ऐकलं असतं तर बारा झाले असते, मी दुसऱ्या वर्गात बसले असते आणि पदवीची एक सहामाही वाचली असती.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "मग आता वाईट वाटतंय?" विचारलं.

वाटतंय. अर्ध्या वर्षाचं वाटणारच ना. पण हे अकरा माझे आहेत बाबा. त्या सत्तावीसांत कोणते माझे होते हे मला कधीच सांगता आलं नसतं. आणि उणेचं ते चिन्ह आता मी मरेपर्यंत विसरणार नाही.

विभागप्रमुखांनी सोमवारी बोलावलंय. एकटी जाणार आहे.


रविवार, ५ ऑक्टोबर

बाबा,

आज सकाळच्या फोनचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला होतात. या बाजूला काय ऐकू आलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी राहिलेल्या गोष्टी. विभागप्रमुखांनी पाच मिनिटंच घेतली. शेरा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जागा राहील. पण पहिला वर्ग पहिल्याच झटक्यात पास व्हायचा." मी म्हणाले, "होणार." पहिल्या वर्गाला बाईच शिकवतात, परीक्षा केंद्रातल्या नाही, दुसऱ्या. त्या फळ्याशी कोणी गेलं की चक्क खिडकीबाहेर बघतात. पहिल्या दिवशी मला वाटलं त्यांना कंटाळा आलाय. आता कळतं.

तर फोन. मी आईला म्हणाले, "फोन टेबलावर ठेव, आवाज मोठा कर. बाबांना सांग बोलू नका, गॅलरीत जाऊ नका, फक्त बसा. मी एक गणित मोठ्याने सोडवणार आहे." आई म्हणाली, "बसतील का?" मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आपल्या घरातली ती एकच खुर्ची तसा आवाज करते, म्हणून कळलं की तुम्ही बसलात. सहा आठवड्यांत मला ऐकू आलेला तुमचा तो पहिला आवाज.

मी गणित वाचलं. पहिली ओळ सांगितली. दुसरी सांगितली. तिसरी सांगितली आणि पुढे गेले. चौथीला मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. पाचव्या ओळीला उत्तर असं वेडंवाकडं व्हायला लागलं की मी म्हणाले, "थांबा, कुठेतरी चुकलंय." तुमच्याकडे चिडीचूप. एवढं चिडीचूप की मला वाटलं फोन कटला. "आई, आहेस का?" विचारलं. आई म्हणाली, "आहे, आहे, तू कर," आणि तिच्या आवाजात काहीतरी गडबड होती. मी मागे गेले. चौथी तपासली, तिसरी तपासली. तिसरीत कंस होता, कंसाच्या आधी उणे होतं. "सापडलं!" असं मी इतक्या जोरात ओरडले की सोबतची मुलगी कपाटावर आपटली, दार अर्थातच उघडं होतं.

उत्तर सांगितलं. आणि मग तुमचा खोकला सुटला. एकदा नाही, वीस-पंचवीस वेळा तरी. आई पाणी आणायला धावली, भांडं पडलं, मी इकडून "बाबा, बाबा" करत होते. नंतर आईने सांगितलं की तिसऱ्या ओळीलाच तुम्ही रुमालाचा बोळा तोंडात कोंबला होता आणि शेवटपर्यंत काढला नाहीत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, चेहरा लालबुंद, पण हू की चू नाही. ती घाबरली होती, तुम्ही हातानेच तिला गप्प राहायला सांगितलंत.

पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मला तिसऱ्या ओळीतच कळलं होतं."

मी म्हणाले, "मला पाचव्या ओळीत कळलं."

"हं," म्हणालात. मग विचारलंत, "त्या फॉर्मवर नातं लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"वडील?"

"वडील."

"बरोबर लिहिलंस," तुम्ही म्हणालात. आणि मी नाक ओढत बसले तेव्हा नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणालात, "बसलीस काय? पुढचं गणित घे."

मी पुढचं गणित घेतलं. तुम्ही ओला रुमाल टाकून दुसरा कोरडा मागून घेतलात, हेही आईनेच सांगितलं.

राहिलेले सगळे नमस्कार सोबत पाठवतेय.

तुमची मुलगी